पाच हुकांचे ठसे

फोटोच्या संमतीचा फॉर्म इंग्रजीत होता म्हणून पहिल्या दिवशी मी सही केली नाही. तीस वर्षं ब्लाउज शिवतेय. माप टिपून घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही, मग स्वतःच्या अंगाबद्दलचा कागद न वाचता कसा द्यायचा सही करून? फोटो काढणारी ती मुलगी नाराज झाली नाही. "काकू, बरोबर आहे तुमचं," म्हणाली आणि चार दिवसांनी मराठीत टाइप केलेला कागद घेऊन दुकानात आली.

त्यात एकेक गोष्ट वेगळी विचारली होती. चेहरा दिसलेला चालेल का? फोटो फक्त भिंतीवर लावायचा, की कुठे छापायलाही परवानगी आहे? इंटरनेटवर टाकायचा का? शेवटी एक ओळ होती, ती मी दोनदा वाचली. प्रदर्शन उघडण्याच्या आदल्या रात्रीपर्यंत, काहीही कारण न देता, मी माझा फोटो काढून घ्यायला सांगू शकते. त्या एका ओळीने माझी अर्धी भीती गेली.

पहिल्यापासून सांगते. ठाण्यात, नौपाड्यात माझं छोटं दुकान आहे. एक मशीन, एक इंटरलॉक, पडद्याआड ट्रायलची जागा आणि आरसा. ही मुलगी कॅटलॉगचे फोटो काढायची, लग्नाचे लेहेंगे, डिझायनर साड्या, असलं काम. शूटच्या आदल्या दिवशी ब्लाउज सैल कर, बाही आत घे, अशी कामं घेऊन धावत यायची. गेल्या पावसाळ्यात मात्र निवांत येऊन स्टुलावर बसली. म्हणाली, नऊ बायकांचे फोटो काढायचेत, प्रत्येकीचे दोन. एकात तिचे नेहमीचे कपडे, दुसऱ्यात काहीच नाही. उभं राहणं तेच, उजेड तोच. कपडे उतरवल्यावर पहिल्या काही मिनिटांत अंगावर जे राहतं ते तिला हवं होतं. इलॅस्टिकची नक्षी, नाडीचा वळ, खांद्यावरच्या पट्टीची खोबण.

मॉडेलचा उघड्या अंगाचा फोटो काढायचा असला तर याच्या बरोबर उलटं करतात, हे मला तिच्याकडून कळलं. सकाळपासून सैल गाऊन घालून यायला सांगतात, आत काही घालू देत नाहीत, पायात मोजेसुद्धा नाहीत, कारण वळ दिसला तर फोटो खराब. तरी राहिलेले वळ कॉम्प्युटरवर पुसतात. "काकू, मी आठ वर्षं हेच वळ पुसतेय," ती म्हणाली. "आता मला ते नीट बघायचेत."

मी फक्त शिवणकामापुरतं हो म्हटलं. नऊ जणींत एक नर्स होती, एक जिममध्ये शिकवणारी, एक रोज कर्जत लोकलने जाणारी, खांद्याला जड पर्स. चेंदणी कोळीवाड्यातली एक मावशी, जन्मभर काष्टा नेसलेली. एक खरीच रॅम्पवर चालणारी मुलगी, जिला लेहेंग्याखाली पोट दाबणारा शेपवेअर घालून दिवसदिवस उभं राहावं लागायचं. त्यांच्या कपड्यांची दुरुस्ती, एकदोन नवे ब्लाउज, असं काम होतं. ट्रायलच्या वेळी ती मुलगी विचारायची, "काकू, तुम्ही तर हे रोज बघता ना?" बघत होतेच. पण वळ दिसला की माझ्या तोंडून "अर्धा इंच सोडते" एवढंच निघायचं. वळ म्हणजे मापातली चूक, याच्या पलीकडे मी कधी गेलेच नव्हते.

एका संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून तिने लॅपटॉपवर मला जुने फोटो दाखवले. हेल्मुट न्यूटन नावाच्या फोटोग्राफरने १९८१ साली काढलेली एक जोडी होती. चार उंच बायका ऐटीत चालत येतायत, एका फोटोत कडक सूट-स्कर्टमध्ये, शेजारच्या फोटोत त्याच चौघी, तीच चाल, अंगावर काही नाही. फक्त पायात उंच टाचा. मी बराच वेळ बघितलं. सगळी ऐट त्या टाचांमधून वर आलीय, कमरेचा बाकसुद्धा. टाचा काढल्या असत्या तर तो फोटोच राहिला नसता. आणि एवढे अंगाबरोबर बसणारे कपडे उतरवल्यावर चौघींपैकी एकीच्याही अंगावर एक वळ नाही! कापड कधी लागलंच नसावं अशी अंगं.

मग हॉर्स्ट नावाच्या फोटोग्राफरचा १९३९ सालचा, पॅरिसमधला, दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या तोंडावरचा फोटो. पाठमोरी बाई, अंगात कंबर आवळणारं कॉर्सेट, तिच्या नाड्या सुटून खाली लोंबतायत. एका बाजूला कॉर्सेट अंगापासून जरा सुटलंय, मध्ये फट आहे. कुठलाही टेलर बघताक्षणी म्हणेल फिटिंग बसलेलं नाही. मासिकात छापताना ती फट रिटच करून बुजवली होती म्हणे. मला तर त्या फोटोत तीच जागा सगळ्यात आवडली. बाई श्वास घेतेय ते तिथेच कळतं.

आणि अर्विंग पेन. हा माणूस व्होग मासिकासाठी जगातल्या सडसडीत मॉडेल्सचे फोटो काढायचा, पण १९४९-५० च्या सुमाराला त्याने भरल्या अंगाच्या बायकांची मालिका केली. पोटाच्या वळ्या, मांड्या, चेहरे नाहीतच. प्रिंट ब्लीच करून पुन्हा डेव्हलप केलेले, त्यामुळे त्वचा जुन्या भिंतीच्या चुन्यासारखी दिसते. पन्नास वर्षांनी, २००२ मध्ये, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. त्या वळ्या मला सुती कापडाच्या चुण्यांसारख्या वाटल्या. पॉलिस्टरच्या नव्हे, दोनचारदा धुतलेल्या सुती कापडाच्या. हे मी बोलून दाखवलं तर तिने वहीत लिहून घेतलं.

आपल्याकडचं सांगायला मला लॅपटॉप लागला नाही. १९९५, आमच्या लग्नाचं वर्ष. बुटांच्या त्या जाहिरातीत मधू सप्रे आणि मिलिंद सोमण, अंगाभोवती अजगर, पायात बूट, बाकी काही नाही. दोघंही मराठी, म्हणून आमच्या चाळीत त्याची जास्तच चर्चा झाली. प्रबुद्ध दासगुप्तांनी काढलेल्या त्या एका फोटोवरून खटला भरला, तो चौदा वर्षं चालला आणि २००९ मध्ये सगळे सुटले. मी तेव्हा बावीस वर्षांची. सासूबाईंनी ते पान घडी करून रद्दीत सरकवलं, मी दुपारी ते काढून बघितलं. लाज वाटली होती, आणि मधूची पाठ किती सरळ आहे असंही वाटलं होतं. दोन्ही एकाच वेळी.

नोव्हेंबरात नवव्या बाईने नाही म्हटलं. तिच्या घरचा प्रश्न होता, कोणी आग्रह केला नाही. त्याच रात्री झोपायच्या आधी मी ब्लाउज काढला आणि कपाटाच्या आरशात नजर गेली. छातीच्या मधोमध, वरून खाली, पाच बारीक खळगे. हुकांचे. ते हुक मी लावलेले, ती पट्टी मी दुमडलेली, शिवण माझी. मी दिवा न घालवता तशीच उभी राहिले. दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली तेव्हा मी कटोरीचे तुकडे जोडत होते. मान वर न करताच म्हटलं, "मी आले तर चालेल का?"

ह्यांना सांगणं सगळ्यात अवघड होतं. जेवण झाल्यावर सांगितलं. दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा पिताना विचारलं, "चेहरा?"

"नाही दिसणार."

"हात?"

"हात दिसतील."

"मग काय उपयोग? तुझे हात अख्खा नौपाडा ओळखतो."

मी गप्प. थोड्या वेळाने म्हणाले, "त्या दिवशी मी खाली थांबेन. वर नाही येणार." त्यांनी हे असं म्हटलं त्याला फार मोठी हिंमत लागली असणार, हे मला माहीत आहे. पुण्याहून मुलीने फोनवर एकच विचारलं, "आई, फाइल कोणाकडे राहणार?" फॉर्ममध्ये तो रकाना नंतर वाढवला गेला तो तिच्यामुळे. फाइल दोन प्रतींत राहील, एक फोटोग्राफरकडे, एक माझ्याकडे, असं ठरलं.

मधल्या काळात आम्ही नऊ जणी एका वकीलबाईंना भेटलो. त्यांनी सांगितलेलं प्रत्येक बाईला ठाऊक असावं असं मला वाटतं. फोटो काढायला दिलेली संमती म्हणजे तो दुसऱ्यांना दाखवायला दिलेली संमती नव्हे. खासगी क्षणाच्या फोटोला बाईने हो म्हटलं, पण पसरवायला म्हटलं नाही, आणि कोणी तो पसरवला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली तो गुन्हा आहे. अश्लीलतेचं कलम २९४. पूर्वीच्या दंड संहितेत तेच २९२ होतं. त्यात कला, साहित्य, विज्ञान यांच्या हितासाठी असलेल्या गोष्टींना सूट आहे, आणि देवळांवरच्या, प्राचीन वास्तूंवरच्या शिल्पांनाही. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने टेनिसपटू बोरिस बेकरच्या एका फोटोच्या प्रकरणात म्हटलं की केवळ अंग उघडं आहे म्हणून चित्र अश्लील ठरत नाही, संदर्भ आणि आजच्या समाजाची नजर बघावी लागते. तरीही त्यांचा सल्ला सावधच होता. अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नको, मोबाइल बाहेर, इंटरनेटवर एकही फोटो नको.

देवळांना सूट आहे हे ऐकून मला माहेर आठवलं. माझं माहेर अंबरनाथचं. शके ९८२चं, म्हणजे १०६० सालचं शिवमंदिर घरापासून चालत दहा मिनिटांवर. बाहेरच्या भिंतीवरच्या बायका पाहतच मी मोठी झाले. पावसाने झिजल्यात, पण कमरेची मेखला अजून कळते. लहानपणी आईला विचारायचे, हिने नेसलंय की नाही? आई म्हणायची, "बघ ना, पदर कोरलाय तो." काही मूर्तींवर दिसायचा, काहींवर नाही.

शूट डिसेंबरातल्या एका मंगळवारी ठरलं. घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर तिचा फ्लॅट. खिडकीतून येऊरचे डोंगर दिसतात, समोर कुठलीही इमारत नाही. मला सांगितलं होतं की सकाळी उठल्यापासून नेहमीचाच ब्लाउज, नेहमीचीच साडी, दहा वाजेपर्यंत मशीनवर बसायचं आणि मग यायचं. ती, तिची मदतनीस मुलगी आणि माझी शेजारीण, एवढ्याच आम्ही. खाली कंपाउंडमध्ये हे, वर्तमानपत्र घेऊन.

पहिला फोटो कपड्यांतला, पटकन झाला. गळ्यात नेहमीसारखा मेजरटेप. दुसऱ्याच्या वेळी मदतनीस टेप घ्यायला पुढे आली, तर मी म्हटलं, हा राहू दे. न्यूटनच्या त्या चौघींच्या टाचा डोळ्यांपुढे होत्या. टेप काढला असता तर मी उभीच राहू शकले नसते.

उजेडाचं काम मला फार आवडलं. वळ समोरच्या उजेडात दिसतच नाही. आपण मखमलीची लव कुठल्या बाजूला आहे ते बघायला कापड खिडकीशी आडवं धरतो, तसंच. उजेड अंगाला घासून गेला पाहिजे. म्हणून तिने बाकीचे पडदे ओढले, एकाच खिडकीचा एक वीतभर पट्टा उघडा ठेवला आणि मला त्याच्या कडेला आडवं उभं केलं. दिवा एकही नाही.

साडी, परकर, ब्लाउज. हुक काढताना बोटं थरथरली. रोज डोळे मिटून काढते. मदतनीस मुलीने घड्याळ लावलं आणि शांतपणे म्हणाली, "काकू, सुरू." पहिली दोन मिनिटं मी पोट आत ओढून उभी होते. पायाखालची फरशी गार. शेजारच्या फ्लॅटमध्ये कुकरची शिट्टी झाली आणि मला वाटलं, आता बेल वाजणार, कोणीतरी येणार. बेल वाजली नाही. "काकू, श्वास सोडा, हळू," कॅमेऱ्याआडून आवाज आला. सोडला. पोट बाहेर आलं. तिने क्लिक केलं.

त्यानंतर मला काय झालं ते सांगणं कठीण आहे. उघडी असल्याची जाणीव गेली, असं नाही म्हणणार. ती होतीच. पण त्याच्या जोडीला दुसरं काहीतरी आलं. ट्रायलच्या पडद्यामागे हजारो बायकांनी माझ्यासमोर असा ब्लाउज काढला होता. "अगं, लवकर बघ, लाज वाटते," असं म्हणत. त्यांना कसं वाटत असेल हे मला त्या दिवशी पहिल्यांदा अंगावर कळलं.

अकराव्या मिनिटाला तिने थांबवलं. गाऊन घालून मी लॅपटॉपसमोर बसले. तिने फोटो मोठा केला. छातीवरचे पाच खळगे, त्यातला तिसरा सगळ्यात खोल. साहजिक आहे, ताण तिसऱ्या हुकावर येतो. बगलेजवळ, मुंढ्याच्या म्हणजे बाही जोडतात त्या रेषेवर, बारीक शिडी उमटली होती. ती माझ्या इंटरलॉकची. दाब, म्हणजे शिवणीचं जादा कापड, आत दुमडताना मी जो टाका घालते, तो टाका जसाच्या तसा. कमरेला नाडीचा वळ. तो अकरा मिनिटांत जाणारा नव्हता, पस्तीस वर्षांचा आहे, बोटभर रुंद आणि काळपट. त्याच्या खाली सिझेरियनची आडवी रेघ, मुलीच्या वेळची. त्यात एक टाका जरा तिरका गेलाय, मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

"पुसू का?" तिने विचारलं. चेष्टेत नाही, मनापासून, नियम म्हणून. फॉर्ममध्ये तोही रकाना होता.

"मुळीच नाही," मी म्हटलं.

खाली गेले तर ह्यांनी विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं." येताना रिक्षात त्यांनी माझा हात धरला होता. आम्ही रस्त्यात हात धरणारे नाही.

प्रिंट सुती कागदावर काढले. जाड, मऊ, कडा खरखरीत. त्या मुलीने सांगितलं की असा कागद कापसापासून होतो, आणि पुण्यात शिवाजीनगरला हातकागदाच्या संस्थेत तर चिंध्यांपासून कागद करतात. ऐकून बरं वाटलं. माझ्या दुकानातून रोज पिशवीभर कात्रण निघतं. फ्रेमवाल्याने काम केलं, पण सगळ्या फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवल्या आणि उधारी नको म्हणाला. त्याला दोष देत नाही, दुकानात त्याची मुलं येतात.

जागेने मात्र मनस्ताप दिला. ठाण्यातल्या एका सभागृहाने पैसे भरून घेतले, तारखा दिल्या, आणि पत्रिका पाहिल्यावर आठ दिवस आधी "तांत्रिक कारणास्तव" नकार कळवला. फोटो बघायलाही कोणी आलं नाही. मी स्वतः त्या मुलीबरोबर गेले. टेबलामागच्या गृहस्थांनी माझ्याकडे बघत म्हटलं, "चांगल्या घरच्या बायका येतात इथे." मी म्हटलं, "मीही त्यातलीच." ते फाइल बंद करून उठले. पैसे परत मिळायला दोन महिने लागले.

शेवटी वागळे इस्टेटमधला एक गाळा मिळाला. पूर्वी तिथे शाळेचे गणवेश शिवायचे. भिंतीला अजून कटिंग टेबलाच्या खुणा होत्या, फरशीच्या भेगांत टाचण्या सापडल्या. आम्ही चुना मारला, अठरा फ्रेम लावल्या, दारात ओळखपत्र बघायला दोघी बसल्या, मोबाइलसाठी टोकन आणि टोपली. चार दिवस. पहिली दुपार फक्त बायकांसाठी.

आदल्या रात्री मी झोपले नाही. बारा वाजेपर्यंत नाही म्हणता येत होतं. बाराला पाच मिनिटं असताना त्या मुलीचा मेसेज आला, "काकू, अजून वेळ आहे." मी उत्तर लिहिलं, "उद्या डबा आणू का दुपारचा?"

लोक आले. फार गर्दी नव्हती, आणि तेच बरं झालं. कोळीवाड्यातल्या मावशीच्या फोटोपुढे तिच्या दोन सुना हातात हात घालून उभ्या होत्या. काष्ट्याने मांडीच्या आत पडलेला घट्टा बघून धाकटी म्हणाली, "आईंनी कधी सांगितलंच नाही." नर्सच्या नाकावरची मास्कची खूण बघून एक बाई रडली. एक गृहस्थ आत आले, पहिल्याच फ्रेमपाशी थांबले आणि रागाने निघून गेले. कॉलेजची चार मुलं खिदळत आली. रॅम्पवरच्या मुलीच्या पोटावर शेपवेअरने उमटवलेला तांबडा पट्टा आणि शेजारी झळकणारा लेहेंगा बघून गप्प झाली. त्यातल्या एकाने मला विचारलं, "दुखत असेल ना?" त्याला सांगितलं, हो, दुखतं.

एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत सगळ्या फ्रेम बघत फिरले. नंतर दारातल्या खुर्चीत बसून म्हणाले, त्यांचे वडील र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' मागवायचे. १९२७ ते १९५३ चाललेलं मासिक, मुखपृष्ठावर नग्न चित्र. घरी आलं की गादीखाली जायचं. कर्व्यांवर अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ साली डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले, तरी खटला हरले. "आमच्या वडिलांना त्यातलं सगळं पटायचं," ते म्हणाले. "पण ते अंक त्यांनी कधी टेबलावर ठेवले नाहीत." मग पाणी मागितलं, प्यायले आणि आणखी एक फेरी मारून आले.

तिसऱ्या दिवशी माझी एक जुनी गिऱ्हाईक आली, वीस वर्षांपासूनची. मी आत चहा ओतत होते. ती माझ्या जोडीपुढे बराच वेळ उभी होती. डावीकडच्या फोटोतल्या ब्लाउजच्या पट्टीजवळ चष्मा नेऊन बघितलं. मग वळली आणि सरळ माझ्याकडे आली. "हे काज तुझ्या हातचं आहे," हळूच म्हणाली. मी हो म्हटलं. तिने पुन्हा मागे वळून उजवीकडचा फोटो बघितला, मग माझ्याकडे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती काही बोलली नाही. चहा घेतला, दोन बिस्किटं घेतली.

पुढच्या आठवड्यात ती दुकानात आली. पिशवीतून मापाचा ब्लाउज काढून दिला, तसा ती नेहमीच देते. मी तो बाजूला ठेवला आणि म्हटलं, "आज हा नको. पडद्यामागे चल, अंगातला काढ, आणि दोन मिनिटं थांब." ती थांबली. मी खिडकीचा पडदा जरा सारला, तिला उजेडाला आडवं उभं केलं. उजव्या मुंढ्याखाली लालबुंद अर्धगोल होता.

"हे कधीपासून?"

"पहिल्यापासून," ती म्हणाली.

वहीत तिच्या नावापुढे वीस वर्षं एकच माप होतं. ते खोडून मी मुंढा पाऊण इंच वाढवला.